मुलगी जेवत नाही आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत: ॲनोरेक्सियाच्या उपचारात घराचे काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सोळा वर्षांची, अकरावी विज्ञान शाखेत, उंची १५८ सेंटिमीटर. गेल्या आठ महिन्यांत तिचे वजन ५४ किलोवरून ४१ किलोवर आले आहे. आधी तिने गोड आणि तळलेले सोडले, मग भात, मग तेल-तूप. पुढे सोमवार, चतुर्थी आणि एकादशीचे उपवास सुरू झाले आणि आता उपवासाची साबुदाण्याची खिचडीही ती ताटात घेत नाही. चार महिने पाळी आलेली नाही. रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी, क्षयाच्या तपासण्या, सगळे नॉर्मल. विचारले की ‘पोट गच्च वाटतं’ एवढेच ती सांगते. जाड होण्याची भीती वाटते असे कधीच म्हणालेली नाही. आजींना वाटते नजर लागली, वडिलांना वाटते हट्ट आहे, आणि एका समुपदेशकांनी सल्ला दिला की खाण्याचा विषयच काढू नका, मन मोकळे झाले की ती आपोआप जेवेल. आईचे प्रश्न तीन: हा आजार आहे का, जबरदस्ती करावी का, आणि ती बरी होईल का. शिवाय पुण्यात वसतिगृहात राहणाऱ्या भाचीबद्दलही त्यांनी विचारले आहे. तिचे वजन नेहमीसारखेच आहे, पण जेवणानंतर ती उलटी करते असे मैत्रिणीने कळवले आहे.

प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान पक्के करता येत नाही हे खरे असले, तरी तुम्ही केलेले वर्णन ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे खाणे कमी-कमी करत वजन धोकादायकरीत्या घटत जाण्याचा मानसिक आजार, याच्याशी इतके जुळते की त्याच दिशेने, आणि लगेच, पावले उचलावीत असे मी स्पष्टपणे सांगतो. हा हट्ट नाही, फॅशन नाही, आणि आईवडिलांच्या हातून काही चुकले म्हणून झालेला आजारही नाही. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक मृत्युदर असलेल्या आजारांपैकी हा एक आहे. २०११ मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून मांडलेल्या आकडेवारीनुसार ॲनोरेक्सिया असलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या इतरांच्या तुलनेत पाच-सहा पट होते आणि त्यांतील सुमारे पाचातला एक मृत्यू आत्महत्येने झाला होता. हा आकडा घाबरवण्यासाठी देत नाही. ‘परीक्षा होऊ द्या, मग बघू’ असे घरात कोणी म्हटले तर त्याला उत्तर म्हणून तो तुमच्या हाती असावा, एवढ्यासाठी देत आहे.

रिपोर्ट नॉर्मल आहेत यावर विसंबू नका. उपाशी शरीर रक्तातील घटकांचे प्रमाण शेवटपर्यंत सांभाळत राहते. त्यामुळे प्रकृती धोक्याच्या टोकाला आलेली असतानाही हिमोग्लोबिन, साखर आणि क्षार ठीक दिसू शकतात. या आजारात कागदावरच्या आकड्यांपेक्षा नाडी, रक्तदाब, शरीराचे तापमान आणि ईसीजी अधिक बोलतात. कोविडच्या काळात घेतलेला पल्स ऑक्सिमीटर घरात असेल तर ती शांत बसलेली असताना नाडी मोजा. जागेपणी नाडी ५० च्या खाली असेल, वरचा रक्तदाब ९० च्या खाली असेल, तापमान ९६ फॅरनहाइटच्या खाली असेल, उभे राहताना अंधारी येत असेल, उकिडवे बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नसेल, पायावर सूज असेल, छातीत दुखत असेल, पाणी पिणेही बंद झाले असेल किंवा जगण्यात अर्थ नाही अशा स्वरूपाचे ती काही बोलत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांच्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी ईसीजी आणि रक्ततपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियनकडे न्या. यांपैकी काहीही नसेल तरी येत्या दोन-तीन दिवसांत ही तपासणी करून घ्याच. तिने ५४ पैकी १३ किलो, म्हणजे शरीराचा जवळजवळ चौथा हिस्सा गमावला आहे, आणि वजनाच्या आकड्याइतकाच घसरणीचा वेग महत्त्वाचा असतो.

‘आधी मन, मग जेवण’ हा समुपदेशकांचा क्रम मला मान्य नाही आणि त्याचे कारण सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा उपचार त्यावर उभा आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने १९४४-४५ मध्ये एक प्रयोग केला. युद्धाने उपासमार झालेल्या युरोपातील लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे समजून घेण्यासाठी ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले. हे तरुण शरीराने आणि मनाने खणखणीत आहेत याची आधी खात्री करून घेतली होती. त्यांच्यापैकी कोणालाही बारीक व्हायचे नव्हते. त्यांचेही वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटले. त्याबरोबर ते अन्नाखेरीज दुसरा विचार करीनासे झाले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले, एकेक जेवण तासन्‌तास लांबवू लागले, ताटात विचित्र मिश्रणे करू लागले, मित्रांपासून दूर झाले, चिडचिडे आणि उदास झाले. नाडी मंदावली, हातपाय गार पडू लागले. अन्न पुन्हा मिळू लागल्यावरही यातल्या बऱ्याच गोष्टी लगेच गेल्या नाहीत. कित्येकांना महिनोन्‌महिने पोट भरल्याची जाणीवच नीट होईना.

आता तुमच्या मुलीकडे पाहा. ती घरातल्या सगळ्यांसाठी पदार्थ करते आणि स्वतः चव घेत नाही, मोबाइलवर तासन्‌तास पाककृतींचे व्हिडिओ पाहते, पोळीचे बारीक तुकडे करून ताट पाऊण तास पुढे ठेवते, मैत्रिणींचे फोन घेत नाही, मे महिन्यातही स्वेटर मागते, असे काही तुम्हाला दिसत असेल तर त्यातला मोठा भाग उपासमारीने घडवलेला आहे. जो मेंदू स्वतःच उपाशी आहे त्याच्याशी केवळ बोलून त्याला मोकळे करता येत नाही. विचारांचा ताठरपणा, तीच ती गणिते आणि ठाम नकार हे वजन वाढू लागल्यावर हळूहळू सैल होतात, आणि तेव्हा समुपदेशनाला खरी पकड मिळते. म्हणून अन्न हे या आजारातले पहिले औषध आहे आणि ते मुलीच्या संमतीची वाट पाहत थांबू शकत नाही.

पोट गच्च वाटते हे ती खोटे सांगत नाही, हेही लक्षात ठेवा. कमी खाण्याने जठराची हालचाल मंदावते, दोन घासांनी पोट फुगते आणि बद्धकोष्ठता होते. यावर उपाय म्हणून पोट साफ होण्याची चूर्णे आणि पाचके दिली जातात आणि मूळ आजार महिने-महिने झाकला जातो. नियमित खाणे सुरू राहिले तर ही तक्रार साधारणपणे काही आठवड्यांत ओसरते. तोपर्यंत ‘तुला त्रास होतो हे मला ठाऊक आहे, आणि तरीही हे खायचं आहे’ ही दोन्ही वाक्ये एकत्रच म्हणावी लागतात.

जाडीची भीती ती बोलून दाखवत नाही म्हणून ॲनोरेक्सिया नसावा, असे काही डॉक्टरही समजतात. हाँगकाँगमध्ये मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की तिथल्या अनेक रुग्ण मुली वजनाचे नाव न घेता पोट भरल्याचे, भूक नसल्याचे कारण देत. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी १९९५ मध्ये पाच तरुण रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातही चित्र बरेचसे असेच होते. आपल्याकडे तर न जेवण्याला उपवासाची प्रतिष्ठित वाट उपलब्ध आहे. संकष्टीला मुलगी उपाशी राहिली तर घर तिचे कौतुकच करते. श्रद्धेचा उपवास आणि आजाराचा उपवास यांतला फरक उपवास सोडताना दिसतो: श्रद्धेने उपवास करणारी चंद्रोदयानंतर मोदक आवडीने खाते, सणाला पुरणपोळी घेते, प्रसाद नाकारत नाही, आजारातला उपवास सुटतच नाही, त्याचे दिवस वाढत जातात आणि प्रसादाचा कणही हातातच राहतो. आजारी माणसाने उपवास धरू नये ही आपल्या घरांतली जुनीच रीत आहे. ती रीत आजींनी स्वतः नातीला सांगितली तर त्याचा उपयोग माझ्या सांगण्यापेक्षा जास्त होईल. नजर काढल्याने आजींच्या मनाला बरे वाटत असेल तर त्यांना अडवू नका, फक्त त्यानंतर ताट वेळेवर वाढले गेले पाहिजे.

कारणांबद्दल थोडक्यात सांगतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसले आहे. २०१९ मध्ये सुमारे सतरा हजार रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात जे दुवे सापडले ते मनाच्या आजारांशी तसेच चयापचयाशीही जोडलेले होते. अशी मूळ प्रवृत्ती असलेल्या मुलीच्या आयुष्यात काही कारणाने खाणे कमी होते, आणि तिथून आजार स्वतःच्या बळावर पुढे सरकतो. ते कारण डेंग्यू किंवा कावीळ असेल, पीसीओडी म्हणून ‘वजन कमी कर’ असा मिळालेला सल्ला असेल, नृत्याच्या वर्गातला शेरा असेल, दिवसातून दोनदाच खाण्याचा घरात सर्वांनी धरलेला नेम असेल, किंवा ‘आता स्थळं येतील’ असे कोणी सहज म्हटलेले असेल. समाजाचा वाटा किती मोठा असू शकतो हे फिजी बेटांवर ॲन बेकर यांनी केलेल्या पाहणीत दिसते: त्या भागात १९९५ मध्ये दूरदर्शन पोहोचले, तेव्हा वजन उतरवण्यासाठी उलटी करणारी एकही शाळकरी मुलगी आढळली नव्हती; १९९८ मध्ये अशा मुली ११ टक्क्यांहून अधिक होत्या. पण तुमच्या मुलीच्या बाबतीत नेमके कशाने सुरू झाले याचा शोध आज घेत बसण्याची गरज नाही. तो शोध बहुतेक वेळा आईवर येऊन थांबतो, आणि दोषाच्या ओझ्याखाली असलेली आई ठामपणे ताट वाढू शकत नाही.

या आजारात कुटुंबाला बाजूला ठेवण्याची परंपरा जुनी आहे. १८७३ च्या सुमारास लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे या आजाराचे वर्णन केले. ठरावीक वेळाने खाऊ घाला, हे गल यांनी तेव्हाच सांगितले होते; पण शुश्रूषेसाठी नातेवाईक सर्वांत अयोग्य, असेही त्यांनी लिहून ठेवले, आणि पुढची शंभर वर्षे मुलींना घरापासून दूर ठेवणे हाच उपचार मानला गेला. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील डॉक्टरांनी हे उलटे केले: आईवडिलांनाच उपचाराची सूत्रे दिली. त्यातून कुटुंबाधारित उपचारपद्धती तयार झाली आणि आज किशोरवयीन रुग्णांसाठी तीच पहिली निवड मानली जाते. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत, उपचार संपल्यानंतर एका वर्षाने, या पद्धतीने उपचार झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या मुली पूर्ण बऱ्या होत्या. केवळ मुलीशी वैयक्तिक संवादावर आधारलेल्या उपचारात हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे: मारहाण, नाक दाबून भरवणे, शपथा घालणे, ‘तुझ्यामुळे बाबांचं बीपी वाढलं’ असे बोलणे, यांतले काहीही नको, परंतु काय, किती आणि केव्हा खायचे हा निर्णय काही महिन्यांसाठी पूर्णपणे आईवडिलांनी घ्यायचा. दोघांनी आधी एकट्याने बसून ठरवा आणि मग एकच वाक्य बोला. वडील ‘जाऊ दे, अर्धी पोळी राहू दे’ म्हणाले आणि आईने आग्रह धरला, की आजाराला नेमकी तीच फट पुरते.

प्रत्यक्षात दिवस असा आखावा. तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा खाणे, वेळा ठरलेल्या, दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. स्वयंपाक होत असताना ती स्वयंपाकघरात नसावी. तेल किती घातले यावरून होणारी वादावादी त्यामुळे टळते. ताट मोठ्यांनी वाढायचे आणि वाढलेले पूर्ण व्हायचे. पोट लवकर भरत असल्याने थोड्या अन्नात जास्त उष्मांक मावतील असे पदार्थ निवडा: वरणभातावर सढळ हाताने साजूक तूप, थालीपीठ आणि लोणी, शेंगदाण्याचे लाडू, शिरा, पनीर, सायीचे दही, दुधात खजूर किंवा बदाम. सॅलड, ताक आणि सूप यांनी पोट भरते पण काम होत नाही. वाढत्या काळात तिला घरातील प्रौढ स्त्रीपेक्षा बरेच जास्त, कित्येकदा दिवसाला अडीच ते तीन हजार उष्मांक किंवा त्याहून अधिक लागतात, हे ऐकून अनेक पालक चकित होतात. मात्र हे आकडे तिच्यासमोर उच्चारू नका. जेवताना कोणीतरी मोठे माणूस शेवटच्या घासापर्यंत शेजारी बसावे, आणि नंतर तासभर तिला एकटे न सोडता पत्ते, मालिका, शब्दकोडे असे काही सोबतीने करावे. त्या तासात बाथरूमला जायचे असेल तर जेवणाआधी जाऊन यावे.

या वेळी बोलायचे ते थोडके असावे. ‘हे जेवण सध्या तुझं औषध आहे. अवघड आहे, मला कळतं. पुढचा घास घे.’ एवढे पुरते. पोषणशास्त्र समजावू नका, वाद घालू नका, कारण त्या विषयाची तयारी तिची तुमच्यापेक्षा जास्त असते. ‘आता किती छान भरलीस’ हे कौतुकसुद्धा टाळा. तिच्या कानांवर ते ‘जाड झालीस’ असेच पडते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांनाही हे आधी सांगून ठेवा. ती रडेल, ताट ढकलेल, ‘तुम्ही माझे शत्रू आहात’ म्हणेल. शांत मुलगी अशी कशी झाली म्हणून पालक पहिल्याच आठवड्यात माघार घेतात. हा राग भीतीतून येतो, आणि ताट रोज त्याच वेळी, त्याच शांतपणे समोर येते हे तिला कळले की तो कमी होत जातो. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, हलक्या कपड्यांत पाहावे. त्याआधी पाणी पिऊन आकडा वाढवण्याचा प्रकार होतो, तिकडे लक्ष असावे. घरी उपचार चालू असताना आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वाढ अपेक्षित असते. सुरुवातीच्या चार आठवड्यांत दोन-सव्वादोन किलो वाढले तर पुढचा मार्ग सुकर होण्याची शक्यता बरीच वाढते, म्हणून पहिला महिना रजा काढण्याच्या लायकीचा आहे. जिने चढ-उतार, उभ्याने अभ्यास, शतपावली, दार बंद करून केलेले सूर्यनमस्कार, हे सगळे नाडी आणि वजन सावरेपर्यंत बंद.

इथे एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. दीर्घ उपासमारीनंतर अन्न एकदम वाढवले की इन्सुलिनच्या प्रभावाने रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात आणि हृदय व श्वसन धोक्यात येऊ शकते. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. वजन खूप कमी असणाऱ्यांत, वेगाने घटलेल्यांत आणि पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्यांत हा धोका जास्त असतो. म्हणून आहार वाढवण्यापूर्वी आणि पहिल्या आठ-दहा दिवसांत मधूनमधून या तिन्ही तपासण्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हाव्यात. नेहमीच्या तपासण्यांच्या पॅकेजमध्ये फॉस्फेट बहुधा नसते, ते मुद्दाम लिहून घ्यावे लागते. थायमिनची (ब-१ जीवनसत्त्वाची) गोळीही आहार वाढवण्याआधीच सुरू करतात. या भीतीने अन्न वाढवायचेच नाही, असे मात्र करू नका. अतिसावधपणे दिलेल्या अपुऱ्या आहारानेही वजन आणखी घटते आणि धोका वाढतो.

पाळीबद्दल तुम्ही स्वतंत्रपणे विचारलेले नाही, पण स्त्रीरोगतज्ज्ञांकडून पाळी आणण्याच्या गोळ्या लिहून मिळण्याची शक्यता मोठी आहे. गोळ्यांनी होणारा रक्तस्राव शरीर सावरल्याची खूण नसतो; त्याने हाडांची झीज थांबत नाही, आणि पाळी आपणहून केव्हा परतली ही उपचारातली मोलाची खूण झाकली जाते. हाडे भरण्याचे हेच वय आहे. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व द्यावे, पण खरा उपाय वजन पूर्ववत होणे हाच, आणि वय वाढते तसे अपेक्षित वजनही थोडे वाढते, त्यामुळे ५४ हा आकडा कायमचा शेवट मानू नये.

औषधांबद्दल अपेक्षा माफक ठेवा. ॲनोरेक्सिया बरा करणारी गोळी नाही. तीव्र अस्वस्थता आणि त्याच त्या विचारांसाठी काही वेळा अत्यल्प मात्रेत ओलान्झापिन वापरतात, त्याचा उपयोग मर्यादित असतो. वजन अगदी कमी असताना नैराश्याची औषधे फारशी लागू पडत नाहीत. भूक वाढवणारी सिरप आणि टॉनिके इथे निरुपयोगी आहेत. तुम्हाला हवी आहे ती तीन माणसांची जोडणी: शारीरिक देखरेख करणारा बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन, किशोरवयीनांसोबत काम करणारा मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ, आणि शक्य असल्यास आहारतज्ज्ञ, पण वजन कमी करून देण्याचा ज्याचा व्यवसाय आहे असा नव्हे. तालुक्याच्या गावी ही सगळी माणसे मिळत नाहीत हे मी जाणतो. अशा वेळी गावातल्या डॉक्टरांनी आठवड्याला नाडी, रक्तदाब आणि वजन पाहावे, आणि शहरातील तज्ज्ञांनी व्हिडिओवर कुटुंबाला मार्गदर्शन करावे, ही व्यवस्था चांगली चालते. कोणाकडे जावे हे सुचत नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतून बोलता येते. पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारा: ‘जेवणाच्या बाबतीत आम्ही घरी काय करायचं?’ त्याचे ठोस उत्तर मिळाले नाही तर दुसरा तज्ज्ञ शोधा.

भरती करावी लागली तर तो तुमचा पराभव नव्हे. नाडी आणि क्षार सावरण्यासाठीची भरती बहुतेक वेळा साध्या वॉर्डात होते. मानसिक आरोग्य केंद्रात अल्पवयीन मुलीला दाखल करायची वेळ आली, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तिच्यासोबत पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण वेळ राहते. त्याच कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच स्थान देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. दावा नाकारला गेल्यास लेखी कारण मागा.

आता भाचीबद्दल. वजन नेहमीसारखे असताना भरपूर खाण्याचे झटके आणि त्यानंतर उलटी, जुलाबाच्या गोळ्या किंवा कडक उपास, हे चित्र बुलिमिया नर्व्होसाचे आहे; लंडनचे जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये त्याचे वर्णन केले. आपल्याकडे हा आजार लपायला एक सोयीची जागा आहे, ती म्हणजे पित्त. घशात बोटे घालून पित्त काढणे कित्येक घरांत नेहमीचेच असल्याने कोणाला संशय येत नाही. कानाखाली गाल फुगलेले दिसणे, समोरच्या दातांची आतली बाजू झिजणे, बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडणे या खुणा आहेत. पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून तपासणी तिचीही व्हायला हवी. उलटीनंतर लगेच दात घासू नयेत, पाण्याने नुसती चूळ भरावी, एवढे तरी तिला आजच सांगा. तिला मधुमेह असून ती इन्सुलिन घेत असेल, तर वजन उतरवण्यासाठी डोस चुकवला जात नाही ना हे जरूर विचारा. तो प्रकार फार घातक असतो.

या आजाराचे चक्र बहुधा सकाळच्या उपाशीपणात सुरू होते. नाश्ता नाही, दुपारी मेसमध्ये नुसती काकडी, आणि रात्री खोलीवर एकटी असताना बिस्किटांचे पुडे एका बैठकीत संपतात. मग लाज, मग उलटी, मग उद्या काहीच खायचे नाही हा निश्चय. म्हणून उपचाराची सुरुवात उलटी थांबवण्याच्या शपथेने न होता दर तीन-चार तासांनी खाण्याने होते. ऑक्सफर्डमध्ये ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेली बोधात्मक वर्तनोपचाराची (सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारी) पद्धत इथे सर्वांत परिणामकारक आहे, साधारण वीस आठवड्यांत वीस सत्रे. जोडीला फ्लुओक्सेटिन हे औषध उपयोगी पडते, पण नैराश्यासाठी नेहमी देतात त्या २० मिलिग्रॅमऐवजी इथे ६० मिलिग्रॅमपर्यंत जावे लागते आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे. बुप्रोपिऑन हे नैराश्यावरचे दुसरे औषध मात्र अशा रुग्णांना देत नाहीत, कारण फिट येण्याचा धोका असतो. उलटी न करता फक्त खाण्याचे झटके येणाऱ्यांनाही याच धर्तीचे उपचार लागू पडतात. त्यांना कडक डाएट देणे म्हणजे पुढच्या झटक्याची तयारी करून देणे होय. तिच्याशी बोलताना मैत्रिणीचे नाव घेऊ नका. ‘जेवणानंतर तुला त्रास होतो असं वाटतं, यावर उपचार आहेत, मी तुझ्याबरोबर येते’ असे मावशीने म्हणणे पुरे आहे. ती प्रौढ आहे, त्यामुळे निर्णय तिचा. पण लाजेने दबलेली अशी मुलगी पुष्कळदा कोणीतरी विचारण्याची वाटच पाहत असते.

घरात तुमच्या मुलीचा भाऊ असेल तर त्याच्याकडेही एक नजर असू द्या. मुलग्यांमध्ये हे आजार कमी असले तरी ओळखले त्याहून कमी जातात. व्यायामशाळेतले ‘कटिंग’ (चरबी उतरवण्यासाठी खाणे तोडणे), कुस्तीच्या वजनगटासाठी उपाशी राहून घाम गाळणे, नुसत्या प्रोटीन पावडरवर दिवस काढणे, याला घरात मेहनत असे नाव मिळते.

तुमची मुलगी बरी होईल का? होय, शक्यता चांगली आहे, आणि लहान वयात, आजार तीन वर्षांच्या आत असताना उपचार सुरू झाले तर ती अधिक चांगली असते. बोस्टनमध्ये रुग्ण स्त्रियांचा वीस वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा झाला. ॲनोरेक्सिया असलेल्यांपैकी नऊ वर्षांच्या टप्प्यावर सुमारे एक तृतीयांशच बऱ्या झाल्या होत्या; बावीस वर्षांच्या टप्प्यावर हे प्रमाण जवळजवळ दोन तृतीयांश होते. म्हणजे उशिरा बऱ्या होणाऱ्याही पुष्कळ असतात, आणि कोणत्याही वर्षी ‘आता काही उपयोग नाही’ असे म्हणण्याला आधार नाही. तुमच्या मुलीला मात्र त्या संथ वाटेने जाऊ देण्याचे कारण नाही. वजन सावरायला सहा महिने ते वर्ष धरा. त्यानंतर जेवणाचा एकेक निर्णय तिच्याकडे परत द्यायचा: आधी मधल्या वेळचे खाणे, मग कॉलेजचा डबा, मग मैत्रिणींबरोबर बाहेर जेवणे. विचार वजनाच्या मागून काही महिन्यांनी सुधारतात. वजन आले म्हणून देखरेख एकदम सोडली की उलटण्याची शक्यता सर्वाधिक असते.

अकरावीच्या वर्षाची काळजी तुमच्या पत्रात दोनदा आली आहे, म्हणून त्याबद्दल नेमके सांगतो. नाडी आणि रक्तदाब ठीक असतील आणि दुपारचे जेवण कोणाच्या तरी नजरेसमोर होऊ शकत असेल तर ती कॉलेजला जाऊ शकते. वर्गशिक्षकांना विश्वासात घ्या, किंवा तुमच्यापैकी एकाने दुपारी जाऊन डबा सोबत खा. तसे शक्य नसेल, किंवा महिनाभरात वजन हलले नाही, तर कॉलेज आणि क्लास काही आठवडे थांबवा. बारावीसाठी तिला लातूर किंवा कोट्याला पाठवण्याचा विचार असेल तर पाळी आपणहून परत येऊन, कोणी शेजारी न बसता ती सलग काही महिने पूर्ण जेवते आहे हे दिसेपर्यंत तो पुढे ढकला, आणि हे तिला आत्ताच सांगून ठेवा.